पुढच्या माणसाचं बेसिन

कोरेसाहेबांचं आडनाव कोरे नव्हतं. कचेरीतल्या लोकांनी ते त्यांना चिकटवलं होतं, कारण त्यांच्याकडची कुठलीही वस्तू जन्मभर कोरीच राहायची. त्यांनी स्कूटर विकली तेव्हा सीटवरचं कंपनीचं प्लास्टिक शाबूत होतं. चष्म्याच्या काडीला लावलेली किमतीची चिठ्ठी त्यांनी अकरा वर्षं सांभाळली. "साहेब, चष्मासुद्धा विकणार की काय?" असं कुणी चिडवलं, तर ते रागवायचे नाहीत. क्षणभर विचार करून म्हणायचे, "सांगता येत नाही."

त्यांचा धंदाच तसा होता. घरं विकून देणाऱ्या एका पेढीत त्यांनी एकतीस वर्षं काढली. लोकांना घरं दाखवायची, खिडक्या सताड उघडायच्या, भिंतीला ओल असेल तिथे स्वतः पाठ टेकून उभं राहायचं आणि समोरच्या झाडाचं कौतुक करायचं. एवढी वर्षं हे केल्यावर त्यांची अशी ठाम समजूत झाली होती की घर हे राहणाऱ्याचं नसतंच मुळी. ते पुढे येणाऱ्याचं असतं. आपण आपलं ते नीट ठेवायचं आणि तो आला की बाजूला व्हायचं.

या पुढे येणाऱ्याला घरात 'पुढचा माणूस' म्हणत. "पुढच्या माणसाला हा पडदा आवडायचा नाही." "जरा हळू, पुढच्या माणसाच्या दाराला ओरखडा जाईल." नव्या पाहुण्यांना वाटायचं, साहेबांचा कुणी दूरचा भाऊ आतल्या खोलीत झोपलाय. ते आपोआप हळू आवाजात बोलायला लागायचे.

आणि जी प्रत्यक्षात त्या घरात राहत होती, ती म्हणजे त्यांची बायको. मुलींच्या शाळेत शिवण शिकवायची, म्हणून गावभर सगळे तिला बाई म्हणत. साहेब सहा फूट एक इंच, बाई चार फूट आणि वर थोडं काहीतरी. लग्नाला चौतीस वर्षं झाली होती आणि तेवढ्यात घरं झाली सहा. प्रत्येक घरातलं बेसिन पुढच्या माणसाच्या उंचीला लावलेलं. बाई तोंड धुवायला हात वर करायच्या की पाणी मनगटावरून थेट कोपरापर्यंत जायचं आणि बाह्या भिजायच्या. बाह्या दुमडल्या तर पाणी आणखी वर चढायचं. चौतीस वर्षं ही बाई रोज सकाळी ओल्या बाह्यांनी शाळेत गेली आणि मुलींना कोरड्या कापडावर सरळ टाका घालायला शिकवत राहिली. तक्रार म्हणाल तर चकार शब्द नाही. अशा सोशिकपणाचं कौतुक करतात लोक. मला तर तो ऐकूनच वैताग येतो.

साहेब निवृत्त झाले त्या दिवशी बाईंनी आयुष्यातली पहिली मोठी मागणी केली. त्यांचे वडील नदीवर उतारूंची नाव चालवायचे, लहानपण सगळं पाण्यावर गेलेलं. बाई म्हणाल्या, "आता पाण्यावर राहू या. बोट घेऊ." साहेबांनी महिनाभर चौकशी केली. जुन्या बोटींना बरं गिऱ्हाईक असतं असं कळल्यावर त्यांना ती कल्पना एकदम आवडली आणि त्यांनी चाळीस फुटी एक म्हातारी प्रवासी बोट घेतली. धक्क्याला बांधलेली, इंजिन नावापुरतं, पण आत झोपायची खोली होती, ओटा होता, पुढे बसायला ऐसपैस जागा होती. बाथरूम मात्र नव्हतंच. त्या जागी पाच फूट बाय साडेतीन फुटांचा एक गंजका कोपरा होता आणि त्यात तुटकी बादली.

बाई त्या कोपऱ्याच्या दारात उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "बाकी सगळं तुमच्या मनासारखं करा. बेसिन तेवढं माझ्या उंचीला लावा. एवढंच."

"बघू," साहेब म्हणाले.

साहेबांच्या 'बघू'चा अर्थ बाईंना चांगला ठाऊक होता. तरी या वेळी त्यांना खरंच आशा वाटत होती.

दुसऱ्या दिवशी साहेब नळ, कमोड, बेसिन वगैरे विकणाऱ्या मोठ्या दुकानात गेले. दुकानाची मालकीण गल्ल्यामागे बसली होती. बोलायला फटकळ, पण गिऱ्हाइकाला जीव लावणारी.

"कुणासाठी बघताय?" तिने विचारलं.

"पुढच्या माणसासाठी."

"वय काय त्यांचं?"

"ते अजून ठरलेलं नाही."

मालकिणीचा चेहरा उजळला. "अय्या! मग अभिनंदन! सुनेला कितवा महिना?"

तिचा गैरसमज दूर करण्यात पाव तास गेला, आणि दूर झाल्यावर तिला पूर्वीपेक्षा कमी कळत होतं. साहेब तोवर कमोडांच्या रांगेकडे वळले होते. पुढचा माणूस कसा असेल ते माहीत नसल्यामुळे त्यांनी प्रत्येक कमोडवर निरनिराळ्या प्रकारे बसून पाहायचं ठरवलं. आधी ते लठ्ठ माणूस म्हणून बसले, गाल फुगवून. मग गुडघे दुखणारा माणूस म्हणून, विव्हळत. मग पुढच्या माणसाची बायको म्हणून बसले, तेव्हा त्यांनी गुडघे जुळवले आणि पिशवी मांडीवर घेतली. हे इतक्या मनापासून चाललं होतं की दुकानात आलेला एक म्हातारा, ही थांबायची जागा असावी असं समजून, शेजारच्या कमोडवर येऊन बसला आणि "किती नंबर चालू आहे?" म्हणून विचारू लागला.

बोटीसाठी म्हणून एक हलका, छोटा कमोड मिळतो. बाजूला हातपंप असतो, काम झालं की दहा-बारा वेळा दांडा मारायचा. मालकिणीने तोच घ्या म्हणून परोपरीने सांगितलं. साहेबांना ते पटेना. "सकाळी सकाळी परक्या माणसाला दांडा मारायला लावू? काय म्हणेल तो मला?" त्यांनी बंगल्यात शोभेल असा भलाथोरला चिनीमातीचा कमोड घेतला. बेसिनही घेतलं ते कपाटावर वाडग्यासारखं ठेवायचं, हल्ली सगळ्यांना आवडतं म्हणून. त्याखाली दगडी फळी. शॉवर असा घेतला की त्याला सात प्रकारच्या धारा होत्या. रंग सगळा पांढरा, कारण पांढऱ्याला कुणी नाही म्हणत नाही.

हे सगळं बसवलं नळवाल्या मामांनी. मामा धक्क्यावरच्या सगळ्या बोटींची कामं करायचे आणि कुठल्याच गिऱ्हाइकाशी वाद घालायचे नाहीत. कमोड बसवून झाल्यावर त्यांनी खिशातली काचेची गोळी काढून जमिनीवर ठेवली. ती घरंगळत डाव्या भिंतीला जाऊन टेकली.

"साहेब, बोट कलली," मामा म्हणाले.

"पुढचा माणूस जरा अंगापिंडाने दणकट असला आणि उजवीकडे झोपला, की सरळ होईल."

"आणि तोवर?"

तोवर म्हणून बाईंचं शिवणयंत्र, कापडाचं कपाट आणि सगळी पुस्तकं उजवीकडे सरकवली. बाईंनीही शक्यतो उजवीकडेच बसावं असं ठरलं. त्या चुकून डावीकडे गेल्या तर ओट्यावरचे कप त्यांच्या मागोमाग निघायचे.

राहिला उंचीचा प्रश्न. इथे साहेबांनी कमाल केली. बसथांब्यासमोरच्या बाकावर ते सलग दोन दिवस वही घेऊन बसले आणि थांब्याच्या खांबाशी ताडून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाची उंची टिपून घेतली. एकूण तीनशे बारा माणसं. सरासरी काढली, ती आली पाच फूट सात. त्या उंचीच्या माणसाला सोयीचं पडेल असं बेसिन आणि वर आरसा, असा हुकूम मामांना सुटला.

बाईंनी वही चाळली. "या तीनशे बारांत मी आहे का?"

"तू बसथांब्यावर कुठे होतीस?" साहेब म्हणाले. त्यांना हे उत्तर अगदी सरळ वाटलं.

बाईंनी वही मिटली आणि उजवीकडे जाऊन बसल्या.

बाथरूम तयार झालं, आणि पाहणाऱ्याने तोंडात बोट घालावं असं झालं. आरशात साहेबांना आपला गळा दिसायचा, शर्टाचं वरचं बटण दिसायचं. बाईंना आपला फक्त भांग दिसायचा, तोही टाचा उचलल्यावर. पण हे तरी कळलं एकदाच, दारातून डोकावून पाहिलं तेव्हा. कारण ते बाथरूम वापरायचं नव्हतं. कमोडवर प्लास्टिक, बेसिनवर प्लास्टिक, सातधारी शॉवरच्या तोंडाला पिशवी बांधलेली, आणि दाराला कुलूप. "न वापरलेलं म्हटलं की पुढच्याला वेगळंच समाधान असतं," साहेब म्हणाले. नवराबायको दोघंही खांद्यावर टॉवेल टाकून दोनशे पावलांवरच्या धक्क्याच्या सार्वजनिक बाथरूमला जायला लागले. तिथे रांग असायची. रांगेतले लोक विचारायचे, "तुमच्या बोटीत बाथरूम नाही?"

"आहे ना. फार सुंदर आहे," बाई सांगायच्या.

असे चार महिने गेले. मग साहेबांना चैन पडेना. खरंच चांगलं झालंय की आपल्याला नुसतं वाटतंय, हे कळायला मार्ग काय? त्यांनी पेपरात छोटीशी जाहिरात दिली. विकायची घाई नव्हती, पण चार लोक येऊन बघून गेले तर अंदाज येईल. रविवारी दहा ते बारा, असं खाली लिहिलं.

पहिल्या रविवारी एक दातांचे डॉक्टर आले. बाथरूम बघून ते दोन पावलं मागे सरकले. "हे फारच पांढरं आहे हो. मला दवाखान्यात आल्यासारखं वाटतंय. नळ तरी जरा सोनेरी हवे होते."

"हो, लगेच बदलून देतो!" साहेब म्हणाले. डॉक्टर पुन्हा फिरकले नाहीत, पण नळ बदलले.

दुसऱ्या रविवारी नुकतं लग्न झालेलं एक जोडपं आलं. कुलूप उघडल्या उघडल्या मुलीने विचारलं, "यात टब नाही?"

"हो, लगेच बसवून घेतो!" साहेब म्हणाले. ते जोडपं गेल्यावर मामांना बोलावणं गेलं. मामांनी सगळं मोजलं, डोकं खाजवलं आणि सांगितलं, "टब बसेल साहेब. पाण्याने भरला, की बोट बसेल." तेव्हा कुठे तो विचार मागे पडला.

हे सगळं बाई उजवीकडे बसून ऐकत होत्या. परक्या पोरीने तोंडातून शब्द काढायचा अवकाश, आणि हा माणूस 'हो, लगेच' म्हणतो. आपल्याला मात्र चौतीस वर्षांत 'बघू'. बाईंना रडू आलं नाही. त्यांना राग आला, तो इतका की हातातली सुई वाकली. आणि त्या रागातच त्यांना काय करायचं ते सुचलं.

तिसऱ्या रविवारी बाई सकाळीच बाहेर पडल्या. अकरा वाजता बोटीच्या दारावर टकटक झाली. साहेबांनी दार उघडलं. समोर बाई उभ्या होत्या. अंगात समारंभाला घालायचा कोट, पायांत पॉलिश केलेले बूट, एका हातात पर्स, दुसऱ्या हातात जाहिरातीचं कात्रण.

"जाहिरात वाचून आले," बाई म्हणाल्या. "बोट बघायला मिळेल का, मालक?"

आता एखादा नवरा हसला असता. एखाद्याने विचारलं असतं, बरी आहेस ना. पण साहेबांना कात्रण दिसलं, आणि एकतीस वर्षांची सवय त्यांच्या आधी पुढे झाली. त्यांनी गळ्याचं बटण लावलं. "या ना, या! डोकं सांभाळा हं," ते म्हणाले. वरची चौकट बाईंच्या डोक्यापासून दीड हात लांब होती.

त्यांनी बाईंना सगळी बोट दाखवली. झोपायची खोली दाखवली, जिथे रात्री बाईच झोपल्या होत्या. ओटा दाखवला. "इथे सकाळचं ऊन फार छान येतं," ते म्हणाले.

"हो का?" बाई म्हणाल्या. "तुमच्या मिसेस दिसत नाहीत?"

"ती बाहेर गेलीय. काही काम होतं का तिच्याकडे?"

"नाही. सहज विचारलं."

बाथरूमचं कुलूप निघालं. बाईंनी मुलींचं शिवण तपासतात तसं एकेक तपासलं. नळ सोडून पाहिला, बंद केला. मग बेसिनसमोर उभ्या राहिल्या. कडा त्यांच्या छातीशी येत होती.

"बेसिन उंच आहे, मालक."

"ते सरासरीने लावलंय. तीनशे बारा माणसांच्या."

"मी सरासरी नाही. खाली करून मिळेल?"

"हो, लगेच करून देतो!" साहेब म्हणाले.

शब्द तोंडातून गेले आणि मग ते त्यांचे त्यांनाच ऐकू आले. साहेबांनी शेवटचा प्रयत्न करून पाहिला. "म्हणजे करता येईल. पण तुमच्यानंतर जो पुढचा माणूस येईल, त्याला मग…"

"अहो," बाई म्हणाल्या. त्या एका शब्दाने गिऱ्हाईक संपलं. "कोण येणार आहे? तुम्ही माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठे. रोज सकाळी छातीची गोळी मी काढून देते तुम्हाला. तुमच्यानंतर इथे कोण राहणार? माझ्याशिवाय आहे कोण? इतकी वर्षं ज्याच्यासाठी सगळं जपून ठेवलंत ना, तो तुमचा पुढचा माणूस मीच आहे. तुम्ही मला एकदा तरी विचारलंत, मला काय हवं ते?"

साहेबांच्या डोळ्यांसमोर सहाच्या सहा घरं आली आणि त्या प्रत्येक घरात ही एवढीशी बाई, हात वर करून तोंड धुणारी. त्यांना लाज वाटली. आणि त्याहून जास्त वाईट याचं वाटलं की ही आपल्यामागे इथे एकटी राहणार आहे, हा साधा विचार इतक्या हुशार माणसाच्या डोक्यात कधी आलाच नव्हता.

"मग घेताय ना?" अखेर ते म्हणाले. दुसरं काय म्हणायचं ते त्यांना माहीतच नव्हतं.

"घेते."

बाईंनी शिवणवर्गातून साठवलेले पैसे समोर ठेवले. साहेबांनी घासाघीस केली नाही. रीतसर कागद झाला, सह्या झाल्या, किल्ली बाईंच्या हातात आली. बाईंना वाटलं, संपलं. पण साहेब झोपायच्या खोलीत गेले, बॅग भरली, बूट घातले आणि धक्क्यावर उतरले. कारण किल्ली दिली की विकणाऱ्याने थांबायचं नसतं, हा त्यांच्या धंद्यातला पहिला नियम होता. वीस पावलं गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं की जायला जागा नाही. तरी ते वळले नाहीत. नियम म्हणजे नियम. बॅग हातात धरून ते पाण्याकडे बघत उभे राहिले.

बाईंनी खिडकीतून डोकं काढलं. "अहो, निघालात कुठे?"

"बोट तुमची झाली ना."

"माझी झाली ना? मग मी सांगते ते ऐका. आत या. आणि येताना मामांना घेऊन या, त्यांची हत्यारं घेऊन."

मामा आले. बाथरूममध्ये तिघांना जागा नव्हती, म्हणून मामा दारात, साहेब कमोडवर आणि बाई बेसिनपाशी. साहेबांच्या खाली प्लास्टिक चुरचुरत होतं. बाईंनी नुसतं त्यांच्याकडे पाहिलं. साहेब उठले, प्लास्टिक फाडून काढलं, घडी करायला घेतली, आणि मग घडी न करताच बाहेर टाकलं. मामांनी ते पाहिलं आणि त्यांच्या हातातला पाना खाली पडला. घरंगळत डावीकडे गेला.

मामांनी बेसिन सोडवलं, कपाट ओढून काढलं. भिंत मोकळी झाली. "किती खाली घेऊ साहेब? बाईंची उंची किती?"

तीनशे बारा परक्या माणसांची उंची साहेबांना पाठ होती. ही त्यांना माहीत नव्हती.

"मोजायची राहिली," ते म्हणाले. मग त्यांनी मामांच्या कानामागची पेन्सिल घेतली आणि त्या चिंचोळ्या जागेत गुडघ्यांवर बसले. सहा फूट एक इंचाचा माणूस तसा बसला तेव्हा कुठे त्यांचा चेहरा बाईंच्या चेहऱ्यासमोर आला. "तोंड धुवायला उभी राहतेस तशी उभी राहा," ते म्हणाले. "हात कुठे आले की बरं वाटतं, ते सांग मला."

बाईंनी भिंतीसमोर ओंजळ धरली. साहेबांनी ओंजळीखाली, नव्याकोऱ्या पांढऱ्या भिंतीवर, पेन्सिलीने ठळक रेघ ओढली.

"अजून दोन बोटं खाली," बाई म्हणाल्या.

साहेबांनी पहिली रेघ पुसली नाही. तिच्याखाली दुसरी ओढली.